पाझर-चाचणी, प्लॉट नंबर नऊ

विट्याहून लेंगऱ्याकडे जाताना
पेट्रोल पंप संपला की डाव्या हाताला
फक्कीच्या रेघांनी आखलेली चौदा घरं आहेत,
अजून न बांधलेली.

इलाही नदाफ पहार टाकतो.
वीतभर रुंद, गुडघाभर खोल.
मग मी खिळे ठोकलेल्या फळीनं
खड्ड्याच्या भिंती ओरबाडते.
पहारीनं माती लिंपली जाते, तिचं तोंड मिटतं,
आणि मिटल्या तोंडाची माती
खोटी साक्ष देते.

तळाला दोन बोटं खडी. वर पाणी.
आदल्या रात्री पोटभर पाजून ठेवायचं.
तहानलेला कितीही पिईल,
त्याचं काय मोजायचं?
भरल्या पोटी किती पितो, ते सकाळी बघायचं,
आडवी काठी, काठीतून सोडलेली पट्टी,
आणि सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ घेऊन,
मोबाईल दोनदा चिखलात पडला म्हणून.

लोक म्हणतात, इथं कुठंतरी पाणी मुरतंय,
आणि एकमेकांकडं बघतात.
मी वहीत लिहिते, पाणी मुरतंय,
बारा मिनिटांत इंचभर,
आणि प्लॉट दोन, तीन, पाचचे मालक
चहा सांगतात.

सहा नंबरात काळी.
काल तिच्या भेगांत हात जात होता.
रात्री प्यायली, फुगली, भेगा गिळून बसली.
सकाळी पाणी तिथंच, त्यात एक मुंगळा.
तासानं पाणी तिथंच.
मुंगळा काठाला लागलेला.

नऊ नंबरचे जालिंदर हसबे
सेलमहून आलेत, बायकोला घेऊन.
तीस वर्षं गलाईत,
बोटांची टोकं ॲसिडनं पिवळी.
त्यांच्या खड्ड्यात पाणी ओतलं
आणि पट्टी सरळ करेपर्यंत गेलं.
पुन्हा ओतलं. घड्याळात अर्धं मिनिट,
खडी उघडी.
"आगं, ये हिकडं, बघ जागा कशी पितीया!"

मी पालथी पडून खड्ड्यात हात घातला.
मुरूम नव्हता.
फुटका कातळ, चिरांमधून गार वारा यावा तसा.
उताराला बावन्न पावलांवर
(इलाहीनं चालून मोजली)
छबूताई मंडल्यांची विहीर,
दोन वस्त्यांचे हंडे तिच्यावर.

म्हणाले, इथं शोषखड्डा नाही देता येणार.
"का? जिरतंय की."
जिरत नाही, निसटतंय.

हसबे उकिडवे बसले.
बराच वेळ त्या खड्ड्यात बघत होते.
मग म्हणाले, "सोनारगल्लीच्या गटाराचा गाळ
इकत घेतो आम्ही, मॅडम. वर्षाचा ठेका असतो.
घमेल्यात धुवायचा.
नवं पोरगं घाई करतंय, जोरात हलवतंय,
सोनं पाण्यासंगं जातंय निघून.
बसणाऱ्याला बसू द्यावं लागतंय.
मी त्यापायी पोरांना मारलंय."

तेच, मी म्हणाले,
फक्त आपल्याला पाणी ठेवायचंय, गाळ नाही.

तीन कप्प्यांची टाकी, तळ पक्का.
तिथून पाणी वर उचलायचं
वाळूच्या वाफ्यात,
वाफ्यात कर्दळ,
खाली कागद, म्हणजे विहिरीला वास नको.
खर्च? शोषखड्ड्याच्या तिप्पट.
हसब्यांनी मान हलवली,
होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.
त्यांनी विहिरीपर्यंत स्वतः चालून पाहिलं.
परत आले तेव्हा म्हणाले, "एकूणपन्नास."

त्यांच्या बायकोनं पहिल्यांदाच तोंड उघडलं,
"कर्दळ लाल लावायची का पिवळी?"

अहवालात मातीचा रंग लिहायला रकाना आहे,
फुलाचा नाही.
मी शेऱ्यात लिहिलं, पिवळी,
आणि वर बघते तर इलाही
पहार खांद्यावर टाकून
दहा नंबरकडं निघालेला.